‘जबडा बांधणे’ की ‘प्लेट टाकणे’?

सोलापूरहून एकाने विचारलंय: भाऊ गाडीवरून पडला, खालच्या जबड्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ‘बांधू, नाहीतर प्लेट टाकू.’ घरचे मात्र ‘जबडा निखळला’ म्हणतात. बरोबर काय? आणि ‘बांधणे’ला नीट मराठी शब्द आहे का?

निखळतो तो सांधा, मोडतं ते हाड. निखळलेला जबडा डॉक्टर दाढांवर अंगठे दाबून बहुधा हातानंच बसवतात. तुमच्या भावाचा मोडलाय.

‘बांधणे’ हाच नीट मराठी शब्द. ‘आंतरहनू स्थिरीकरण’ वगैरे वहीत राहू द्या. फक्त बांधतात ते दात, हाड नव्हे. वरच्या-खालच्या दातांवर धातूच्या पट्ट्या तारेनं आवळायच्या, मग त्या एकमेकींना जखडायच्या. दातावर दात बसला की मोडलेलं हाडही रेषेत येतं आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत जुळतं. तोवर सगळं पातळ. कडक भाकरी सोडाच, कुस्करलेलीही नाही, आमटीसुद्धा गाळून. उलटी आली तर तारा तोडता याव्यात म्हणून कटर हाताशी ठेवायला सांगतात.

प्लेटसाठी बहुधा तोंडाच्या आतूनच चीर देतात, तुकडे जुळवतात आणि टायटॅनियमची चिमुकली पट्टी स्क्रूनं बसवतात. मिशेले आणि शाम्पी या फ्रेंच सर्जननी १९७०च्या दशकात ही पद्धत रुळवली. तोंड लवकर उघडता येतं, पण भूल आणि चीर आलीच. ‘टाकणे’ला नाक मुरडू नका, ‘पायात रॉड टाकला’ आपण म्हणतोच. लिहिताना मी ‘बसवणे’ लिहीन. ‘खुली’ आणि ‘बंद शस्त्रक्रिया’ मात्र नको. ‘बंद’ म्हटलं की ऑपरेशनच रद्द झाल्यासारखं वाटतं. ‘चीर देऊन’, ‘चीर न देता’ म्हणा.

आता तो ‘नाहीतर’. प्लेट बसवतानाही ऑपरेशनपुरते दात बहुधा बांधतातच, कारण माप दातांचंच. बोळक्या तोंडाच्या आजोबांचं बांधणार काय? आणि हाड कानापुढच्या टोकाशी मोडलं असेल, तर चेहरा हलवणारी नस जवळून जाते, म्हणून बरेच सर्जन तिथे चीर द्यायला कचरतात. तेव्हा आधी विचारा, मोडलंय नेमकं कुठे.

जाता जाता: आपल्याकडे जबड्याला दाभाडही म्हणतात, कन्नडमध्ये दवडे, तेलुगूत दवड. सोलापुरात तिन्ही कानावर पडतील. पण दाभाड शब्द जास्त भांडणातच निघतो, डॉक्टरांपुढे जबडाच बरा.