हातातली ऑफर आणि फेब्रुवारीतला निकाल

“मॅडम, एक ऑफर हातात आहे, दुसरीकडचं अजून काही कळलेलं नाही. हो म्हणू की थांबू?”

मी समुपदेशक आहे. पीएच.डी. झालेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न माझ्याकडे दिवाळीनंतर जास्त येतो. खासगी विद्यापीठांना जानेवारीच्या सत्रासाठी माणसं हवी असतात आणि ती आठवड्याभरात होकार मागतात. युरोपातल्या मोठ्या फेलोशिपचे निकाल नवीन वर्षात लागतात. आणि आपल्याकडच्या अनुदानित महाविद्यालयांतल्या जागांना कॅलेंडरच नसतं. मग मुलं एकाच वेळी तिन्हीकडे डोळे लावून बसतात आणि हातातली ऑफर त्यांना ऑफर न वाटता संकट वाटायला लागते.

२०२४ च्या डिसेंबरात आलेल्या एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मेधा म्हणू.

मेधा वनस्पतिशास्त्राची. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या कंदीलपुष्पांवर तिची पीएच.डी. सेट, म्हणजे सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, झालेली. दोन वर्षं एका महाविद्यालयात सीएचबीवर शिकवत होती. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तासावर पैसे, तेही सत्र चालू असेल तेवढेच महिने, आणि बिल उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून निघेल तेव्हा. मेधाचे आदल्या सत्राचे पैसे तेव्हाही यायचे होते.

तिच्यापुढे तीन गोष्टी होत्या. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलं होतं: सहायक प्राध्यापक, महिना एकत्रित ५५ हजार, २ जानेवारीला रुजू व्हायचं, शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा. दुसरं, सप्टेंबरमध्ये भरलेला मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा, म्हणजे पीएच.डी.नंतर युरोपात संशोधन करण्यासाठीच्या फेलोशिपचा अर्ज. तिसरं, जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयातली कायम जागा. जाहिरात आलेली, अर्ज भरलेला, पुढे सगळं शांत.

पहिल्याच भेटीत तिने पिशवीतून एक्सेलचं प्रिंटआउट काढलं. उभे रकाने तीन, आडव्या ओळी अकरा. पगार, संशोधन, घरापासून अंतर, सुरक्षितता, ‘लग्नाच्या दृष्टीने’ अशीही एक ओळ. प्रत्येकीला वजन दिलेलं, गुणाकार केलेले, खाली बेरजा: ७१, ७०, ६८. पिवळ्या हायलायटरने ७१ वर रेघ मारलेली आणि पुन्हा त्यावर पेनाने काट मारलेली. म्हणाली, “वजनं थोडी बदलली की उत्तर बदलतं. रात्री तेच करत बसते.”

असे तक्ते मी खूप पाहिले आहेत. हुशार मुलं तक्ता फार छान करतात आणि त्यातली एक खोट त्यांच्या लक्षात येत नाही. तक्त्यात तिन्ही रकाने सारख्याच जाडीचे दिसतात, जणू तिन्ही नोकऱ्या टेबलावर मांडलेल्या आहेत आणि यातली उचलायची तेवढी बाकी आहे. प्रत्यक्षात टेबलावर एकच होती. मी तिला बारावी ओळ वाढवायला सांगितली: उत्तर कधी येणार? खासगी विद्यापीठापुढे तिने ‘शुक्रवार’ लिहिलं. फेलोशिपपुढे ‘फेब्रुवारी’. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“अंदाजे लिही.”

“अंदाज कशावरून करू, मॅडम?”

बरोबरच होतं तिचं. महाराष्ट्रात २०१७ मध्ये प्राध्यापक भरती थांबवली गेली. २०१८ च्या अखेरीस ३,५८० जागांना मंजुरी मिळाली, त्यातल्या न भरलेल्या २,०८८ जागांना २०२१ मध्ये पुन्हा मंजुरी द्यावी लागली. मंजुरी मिळाली म्हणजे जागा भरली असं नव्हे. बिंदूनामावलीची (कुठली जागा कुठल्या आरक्षण प्रवर्गाची, त्या यादीची) तपासणी, सहसंचालकांची एनओसी, जाहिरात, विद्यापीठाचे प्रतिनिधी असलेली निवड समिती, निवडीनंतर विद्यापीठाची मान्यता. यातल्या कुठल्याही पायरीवर फाईल महिनोन्‌महिने पडून राहते आणि मध्येच कुणी कोर्टात गेलं तर विषयच संपला. अशा जागेसाठी अर्ज जरूर करावा. पण तिच्यासाठी हातातलं काही सोडायचं असेल, तर आपण नोकरीची वाट पाहतोय की नुसत्या जाहिरातीची, हे स्वतःला एकदा विचारावं.

फेलोशिपचं तसं नव्हतं. तिथे निकालाचा महिना ठरलेला होता आणि शक्यतेचा आकडाही सांगता येत होता. त्या फेरीला १०,३६० अर्ज आले होते. निवड सोळाशे-सतराशे जणांची होते, म्हणजे साधारण सहातल्या एकाची. मेधाचा प्रस्ताव चांगला होता, तिकडच्या प्राध्यापिकेने तिच्यासोबत बसून लिहिला होता. तरी सहातली एक म्हणजे सहातली एक. महत्त्वाचं म्हणजे निकाल लागला की दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं नसतं. काम कधी सुरू करायचं याला अनेक महिन्यांची मुभा असते.

हे तिला माहीत होतं, अर्जात तिनेच सुरुवातीचा महिना सप्टेंबर टाकला होता. पण तक्त्यात ‘पुणे की युरोप’ असा सामना लावल्यामुळे डोक्यात त्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड आल्या होत्या. मी तिला ऑफर लेटर मोठ्याने वाचायला लावलं. नोटीस तीन महिन्यांची. फेब्रुवारीत फेलोशिप मिळालीच, तर नोटीस दिल्यावर मे उजाडणार, सत्र संपलेलं असणार. म्हणजे जानेवारीत रुजू झाल्याने फेलोशिप हातची जाणार नव्हती. अडवणारी गोष्ट वेगळीच होती. चौथ्या पानावर एक कलम होतं: दोन वर्षांच्या आत सोडल्यास सहा महिन्यांचा पगार भरावा लागेल. आणि त्याखाली, रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं कार्यालयात जमा करावीत. चौथ्या पानापर्यंत ती पोहोचलीच नव्हती. पगाराचा आकडा पहिल्या पानावर असतो ना!

शुक्रवारच्या आत काय करायचं ते तिथेच ठरवलं. होकार-नकार नाही, आधी प्रश्न. तिने विभागप्रमुखांना आणि मनुष्यबळ विभागाला एक मेल लिहिला, माझ्यासमोर बसून, तीन-चार वेळा खोडून. पहिल्या मसुद्यात दोन परिच्छेद नुसते आभारांचे आणि क्षमायाचनेचे होते. ते काढले. उरलं ते असं: ऑफरबद्दल आनंद आहे. निर्णयासाठी दहा दिवस जास्त मिळतील का? आठवड्याला किती तास शिकवायचे? दोन वर्षांचं कलम कशासाठी आहे, आणि त्याऐवजी ‘चालू सत्र पूर्ण केल्याशिवाय सोडणार नाही’ असं लिहून दिलं तर चालेल का? मूळ प्रमाणपत्रं पडताळणीला दाखवेन, जमा करणार नाही. इतरत्र अर्ज करायचा झाल्यास ना-हरकत मिळते का? शेवटचा प्रश्न तिचा स्वतःचा होता: तुमच्याकडे हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह) आहे का, नसल्यास कपाटं आणि ड्रायर मिळेल का?

त्या शेवटच्या प्रश्नापाशी तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. तोवर ती उमेदवार होती, आता वनस्पतिशास्त्राची बाई बोलत होती. “मॅडम, असं विचारलं तर ऑफर काढून घेतील का?” हेही विचारलंच तिने. माझा अनुभव असा की सरळ शब्दांत विचारलेल्या प्रश्नांवरून ऑफर सहसा जात नाही. आणि प्रमाणपत्रं द्यायला नकार दिला म्हणून जी संस्था ऑफर मागे घेते, तिथून पुढे सुटणं किती अवघड गेलं असतं याचा विचार करावा.

दुसऱ्या भेटीत खरी गाठ सुटली. ती आली तेव्हा मेलचं उत्तर आलेलं होतं, पण ती त्याबद्दल बोलेचना. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मामांनी सांगितलंय थांब म्हणून. त्या कॉलेजच्या संस्थेत त्यांची ओळख आहे. आकडा विचारून आलेत. आण्णा अर्धा एकर काढायचं म्हणतायत.”

आण्णा म्हणजे तिचे वडील; जागेसाठी पैसे द्यायला ते जमीन विकायला निघाले होते. तिसऱ्या रकान्यात ‘सुरक्षितता’ला दहापैकी दहा कशामुळे पडले होते ते आता कळलं. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी कुजबुजीत बोलली जाते आणि समुपदेशकापुढे शेवटी येते. मी यावर गुळमुळीत बोलत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी या कायद्यात लोकसेवकच धरले जातात. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार काय आहे? जागेला मान्यता नाही, समिती बसलेली नाही, आणि पैसे आधी. पावती कुणी देत नाही. जमीन गेली आणि जागा बिंदूनामावलीत दुसऱ्या प्रवर्गाला गेली, तर मामा कुणाकडे दाद मागणार?

मेधाला हे सगळं ठाऊक होतं. तिला घरी बोलता येत नव्हतं, एवढंच. आण्णांनी तिच्या शिक्षणाला कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आता ते जमीन द्यायला निघाले होते. त्यांना ‘नको’ म्हणणं तिला कृतघ्नपणाचं वाटत होतं. खासगी ऑफर स्वीकारली की ते ‘नको’ आपोआप म्हटलं जाणार होतं, म्हणून तर तिला त्या ऑफरचीच धास्ती वाटायला लागली होती. तीन रकान्यांचा तक्ता कितीही वेळा मांडला तरी ही गोष्ट त्यात कुठे बसणार?

पुढच्या वेळी आण्णांना घेऊन ये म्हटलं. आले. एसटीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. “मॅडम, खासगीत कधी घरी बसवतील सांगता येत नाही. पर्मनंट ते पर्मनंट. शिवाय पेन्शन.” पेन्शनचं त्यांना सांगावं लागलं: १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप नाही. पगाराचा त्यांचा हिशेब मात्र बरोबर होता. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७००, महागाई भत्ता आणि घरभाडं धरून तेव्हाही नव्वद हजारांच्या पुढे जात होतं. ५५ हजारांशी त्याची बरोबरी होत नाही, आणि तशी ती मी केलीही नाही.

मी विचारलं, “तुम्ही एसटीत पहिल्या दिवसापासून कायम होता का?”

“छे. आधी रोजंदारीवर काढली की.”

“मग कायम होईपर्यंत घरी बसला होता?”

ते हसले नाहीत, पण मुलीकडे बघितलं. मग मेधाच बोलली. मी ठरवून गप्प राहिले. तिने जमिनीचं नाव न घेता सांगितलं की त्या कॉलेजची मुलाखत निघाली तर ती जाणार, आणि नुसती अर्ज आणि मुलाखतीवर जाणार. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांमधल्या उमेदवारांच्या छाननीच्या तक्त्यात शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला दोन गुण आहेत, जास्तीत जास्त दहा, तेही त्यांना दाखवलं. घरी बसून वाट पाहिली तर त्या रकान्यात काहीच पडत नाही. (हाच अनुभव पुढे पदोन्नतीला मोजला जाईलच असं नाही. तिथे पगार नियमित वेतनापेक्षा कमी नसावा अशी अट आहे. दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत. मुलं इथे फसतात.) आण्णा जाताना एवढंच म्हणाले, “मामाला मी बघतो.”

मेलचं उत्तर बरं होतं. आठ दिवस वाढवून दिले. कलमाच्या जागी ‘सत्र पूर्ण करणे आणि तीन महिन्यांची नोटीस’ आलं. प्रमाणपत्रांच्या फक्त प्रती. हर्बेरियम नाही, पण दोन कपाटं देऊ. शिकवण्याचे तास मात्र अठरा. यूजीसीच्या नियमात सहायक प्राध्यापकाला सोळा आहेत, त्यावर तिने पुन्हा विचारलं, तर “पहिल्या सत्रात बघू” असं उत्तर आलं. बघू म्हणजे अठराच, हे गृहीत धर, असं मी तिला म्हटलं. ते धरूनही तिने होकार कळवला.

एक प्रश्न तिने आधीच विचारून ठेवला होता, आणि तो बऱ्याच जणांच्या मनात असतो: रुजू होऊन फेब्रुवारीत सोडावं लागलं तर तो विश्वासघात नाही का? नाही. लेखी अटींप्रमाणे नोटीस देऊन, पेपर तपासून, गुण भरून जाणं याला नोकरी बदलणं म्हणतात. होकार कळवून रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीही मुलं करतात. ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण विद्यापीठाने तुमच्या भरवशावर इतरांना नकार कळवलेला असतो आणि जानेवारीत वर्गात बसलेल्या पोरांना बाई नसतात. शिवाय एकेका विषयातले तज्ज्ञ मोजकेच. आज ज्यांना तोंडघशी पाडलं, ते उद्या दुसऱ्या निवड समितीत समोर बसलेले असतात.

फेब्रुवारीत फेलोशिप मिळाली नाही. गुण पंच्याऐंशीच्या वर होते, त्यामुळे ‘सील ऑफ एक्सलन्स’ मिळालं. पैसे नसतात त्यात, पण दुसरीकडून निधी मागताना कामाला येतं. तिने पुढच्या सप्टेंबरात पुन्हा अर्ज भरला, आणि नेमके त्याच वर्षी अर्ज सतरा हजारांवर गेले. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा पाठीमागे घंटा वाजत होती, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. त्या अनुदानित कॉलेजची मुलाखतही मध्यंतरी झाली. रजा टाकून ती देऊन आली. निकाल अजून यायचा आहे, आणि आठवड्याचे तास अठराचे सोळा झालेले नाहीत. त्यासाठी कुलसचिवांना लिहावं का, हे विचारायला ती पुढच्या महिन्यात येणार आहे.