वाचकांचे प्रश्न : स्टेलर समुद्रसिंह का घटले?

प्रश्न : अलास्कातील स्टेलर समुद्रसिंह मासेमारीमुळे घटले, असे वाचले. हे सिद्ध झाले आहे का?

उत्तर : नाही, मासेमारी हे संशयित कारणांपैकी एक आहे. पश्चिम अलास्कातील हे सीलसारखे सागरी सस्तन प्राणी १९७० च्या दशकापासून २००० पर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि १९९७ मध्ये अमेरिकेने त्यांना संकटग्रस्त ठरवले. याउलट त्याच जातीचा पूर्वेकडील गट सावरून २०१३ मध्ये संरक्षित यादीतून बाहेर पडला. खरे कोडे येथेच आहे.

विष्ठेत सापडणाऱ्या माशांच्या हाडांवरून त्यांचा आहार कळतो. हेरिंग माशाच्या तुलनेत कमी चरबीचा पोलॉक मासा खाऊन त्यांची उपासमार झाली, असे एक मत आहे. मला ते एकट्याने पुरेसे वाटत नाही. काही संशोधकांनी तरुण प्राण्यांच्या पोटात तापमान नोंदवणारे प्रक्षेपक (संदेश पाठवणारी यंत्रे) शस्त्रक्रियेने बसवले; प्राणी मेल्यावर ही यंत्रे पाण्यावर तरंगून उपग्रहाकडे नोंदी पाठवतात. तापमान एकाएकी घसरलेले दिसले, तर शिकारी प्राण्याने शरीर फाडले असा अर्थ निघतो, आणि बहुतेक मृत्यू असेच निघाले. पूर्वी मच्छीमार त्यांना सर्रास गोळ्या घालत, हेही विसरता येत नाही.