दिवसभर बिझी, पण झालं काय?

या वेळी पत्रांचा ढीगच आलाय आणि निम्म्याहून जास्त लोकांचं रडगाणं एकच आहे, ऑफिसात आठ-नऊ तास बसतो पण काम काही पुढे सरकत नाही. मी काही या विषयातली तज्ज्ञ वगैरे नाही बरं का, हा कॉलमसुद्धा डेडलाइनच्या आदल्या रात्री लिहिते. तरी थोडंफार वाचलंय, बरंचसं स्वतःवर करून पाहिलंय, त्याच्या जोरावर सांगते.

प्रश्न : ताई, मी अकाउंट्सला आहे. सकाळी आल्या आल्या रेकोचं, म्हणजे हिशोबाच्या नोंदी जुळवायचं काम काढते, शीट उघडते आणि तेवढ्यात चॅटवर कुणीतरी "एक मिनिट आहे का" विचारतं, ते बघते तोवर मेल, मग फोन, मग सर केबिनमध्ये बोलावतात. सहा वाजता बघते तर शीट सकाळी होती तश्शीच. मग सगळे गेल्यावर बसते आणि तेव्हा तेच काम तासाभरात होतं. मी स्लो आहे का?

स्लो असतात ना तर सगळे गेल्यावरही तासाभरात झालं नसतं. तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. कामाला एक तासच लागतो, फक्त तो सलग लागतो, आणि दिवसभरात तुम्हाला तो मिळतो पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत.

आता तुकड्यांनी काय बिघडतं? आपल्याला वाटतं पाच मिनिटं फोनवर गेली म्हणजे पाचच मिनिटं गेली. तसं होत नाही. सोफी लरॉय नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी 2009 मध्ये यावर लिहिलंय, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला तरी लक्षाचा थोडा भाग पहिल्या कामातच मागे अडकून राहतो, आणि तेवढ्यानं दुसरं कामही ढिलं होतं. म्हणजे सरांच्या केबिनमध्ये तुम्ही निम्म्या रेकोत असता आणि रेकोवर परत आलात की निम्म्या केबिनमध्ये. शिवाय अकाउंट्सच्या कामात एक वेगळाच त्रास, कुठली एंट्री टॅली झाली, कुठली संशयास्पद वाटत होती, हा सगळा हिशोब डोक्यात धरलेला असतो आणि "एक मिनिट आहे का" म्हटलं की तो पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळतो. परत रचायला सुरुवातीपासून बसा.

आणखी एक अभ्यास मला फार पटला, ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2008 चा. त्यात मध्ये मध्ये व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं! दर्जाही घसरला नाही. पण त्या बदल्यात ताण, चिडचिड, घाईची भावना वाढली. हे वाचून मला माझे संध्याकाळचे सगळे विनाकारण चढलेले आवाज आठवले. म्हणजे व्यत्ययांची किंमत कधीकधी कामात दिसतच नाही, ती आपल्या डोक्यात आणि घरच्यांवर निघते.

मग करायचं काय? एक छोटीशी गोष्ट सांगते, ती इतकी साधी आहे की तुम्हाला वाटेल ताईंनी काय हे थातूरमातूर सांगितलं. सर बोलावतायत, उठायचंय, तर उठण्याआधी कागदावर दोन ओळी खरडा, "इथवर तपासलं, आता ही एंट्री बघायची, या रकमेचा फरक कुठून आला ते शोधायचंय." बस. अर्धं मिनिट लागतं. याच लरॉयबाईंनी थेरेसा ग्लॉम यांच्यासोबत 2018 मध्ये नेमकं हेच तपासलं, काम सोडताना परत आल्यावर काय करायचं हे लिहून ठेवलेल्या लोकांचं लक्ष मागच्या कामात कमी अडकलं. कागद आठवण ठेवतो म्हटल्यावर डोकं सोडून देतं. मी हे वर्षभर करतेय, माझ्या टेबलावर अशा चिटोऱ्यांचा कचरा असतो आणि सफाईवाल्या मावशी माझ्यावर वैतागतात, पण परत आल्यावर "मी काय करत होते बरं" म्हणत स्क्रीनकडे बघत बसणं जवळजवळ गेलंय.

दुसरं म्हणजे तीन दिवस फक्त नोंद ठेवा. काम तुटलं की कागदावर एक रेघ, बाहेरून कुणी तोडलं तर एका बाजूला, आपणच तोडलं तर दुसऱ्या बाजूला. आपणच म्हणजे सहज मेल उघडला, सहज फोन हातात घेतला, कठीण आकडा आला म्हणून चॅट बघितलं, हे सगळं. मी केलं तेव्हा मला खात्री होती की लोक मला जगू देत नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बघते तर माझ्या बाजूच्या रेघा जास्त. दोन दिवस तो कागद कुणाला दाखवला नाही. तुमचं तसंच निघेल असं नाही, पण निघालं तर अर्धा प्रश्न कुणाच्या परवानगीशिवाय सुटतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र सरांशी बोलावं लागेल. "मला डिस्टर्ब होतं" असं नका म्हणू, ती तक्रार वाटते. म्हणा, "सर, दहा ते साडेअकरा मी रेको घेऊन बसले तर ते दुपारच्या आत हातात मिळेल, तेवढा वेळ चॅट बंद ठेवते, अर्जंट असेल तर फोन करा." फोनचा रस्ता उघडा ठेवलात की फारसं कुणी नाही म्हणत नाही, आणि मजा म्हणजे फोन करायचा म्हटल्यावर निम्म्या अर्जंट गोष्टी आपोआप अर्जंट राहत नाहीत. चॅटवर "एक मिनिट" आलं तर "बारा वाजता बघते, चालेल?" एवढंच. बहुतेकांना चालतं. ज्यांना चालत नाही ते सांगतात.

प्रश्न : दुपारी जेवण झालं की दोन ते चार मी नुसता बसलेला असतो, डोळे उघडे पण आत कुणी नाही. तीन कॉफ्या होतात. जेवण कमी करून पाहिलं, फरक नाही. इच्छाशक्ती कमी पडतेय का?

इच्छाशक्तीला कशाला मध्ये आणताय. दुपारची ती घसरण शरीराच्या घड्याळाचा भाग आहे, जेवण केलं नाही तरी ती येते, भरपेट जेवलं तर जरा जास्त जाणवते इतकंच. तेव्हा तिच्याशी मारामारी करण्यापेक्षा दोन ते चारमध्ये कठीण काम ठेवूच नका. फाइल लावणं, बिलं अपलोड करणं, साधे मेल, ज्याला डोकं नाही हात लागतात असं सगळं तिथे ढकला आणि डोक्याचं काम सकाळी. बरेच लोक नेमकं उलटं करतात, सकाळचे ताजे दोन तास मेलला उत्तरं देण्यात घालवतात आणि दुपारी पेंगत पेंगत प्रेझेंटेशन बनवतात.

कॉफीचं म्हणाल तर ती थकवा काढत नाही, थकव्याची सूचना अडवते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं त्यानं झोप येते, कॉफीतलं कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं. आणि ते लवकर उठतही नाही, साधारण पाच-सहा तासांनी निम्मं उरलेलंच असतं, माणसागणिक कमी-जास्त. म्हणजे चारची कॉफी रात्री दहालाही अर्धी अंगात, मग झोप कच्ची, मग दुसऱ्या दिवशी दुपारी परत तीन कॉफ्या. शेवटची कॉफी जेवणाआधीच संपवून बघा आठवडाभर. जेवणानंतर दहा मिनिटं बाहेर उजेडात चालून या. आणि रात्री पुरेसं झोपूनही रोज असंच होत असेल, जोरात घोरत असाल, तर कॉलमवालीला नाही डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मी रोज सकाळी लिस्ट करते, वीस-पंचवीस कामं होतात, संध्याकाळी त्यातली आठ-दहा खोडलेली असतात पण महत्त्वाचं एकही नाही. नवीन जॉब आहे, भीती वाटते.

अगं, पंचवीस कामांची लिस्ट म्हणजे लिस्ट नाही, ते गोदाम झालं. त्यात "कोटेशन घ्यायला मेल" आणि "वर्षाचं बजेट" शेजारी शेजारी उभे असतील तर हात मेलकडेच जाणार, खोडायला किती बरं वाटतं! मी तर झालेली कामं लिस्टमध्ये मागाहून लिहून खोडलेली आहेत, कुणाला सांगू नकोस.

गोदाम वेगळ्या कागदावर राहू दे, टाकू नकोस. त्यातून आजची तीन उचल, त्यातलं एक जड. आणि जड काम लिहिताना "बजेट" असं लिहू नकोस, त्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. "दहा वाजता जागेवर बसले की मागच्या वर्षीची फाइल उघडून पहिले तीन हेड भरायचे" असं लिही. कधी, कुठे, काय. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, अमुक वेळ आली की तमुक करायचं असं आधी ठरवून टाकलं की ते होण्याची शक्यता वाढते, कारण त्या क्षणी परत मन वळवत बसावं लागत नाही.

वेळ किती लागेल याचा अंदाज मात्र स्वतःचा धरू नकोस. आपलं काम आपल्याला नेहमी छोटं दिसतं, कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये त्याला नावही देऊन ठेवलंय, प्लॅनिंग फॅलसी. मागच्या वेळी असंच काम किती दिवस चाललं ते बघ, तो आकडा धर, मनातला नाही. आणि भीतीचं म्हणशील तर साहेबांना विचार ना, "यातलं आज कुठलं पाहिजेच?" नवीन माणसानं विचारलेलं कुणालाही खटकत नाही, हा फायदा फार दिवस टिकत नाही तेव्हा आत्ताच वापरून घे.

प्रश्न : पोमोडोरो करतो, म्हणजे टायमर लावून काम आणि मग छोटी सुट्टी, पण कुठे जरा तंद्री लागते तेवढ्यात 25 मिनिटांचा टायमर वाजतो. पुढे जाऊ का थांबू?

पुढे जा. फ्रान्चेस्को चिरिलोनं ती पद्धत काढली तेव्हा तो विद्यार्थी होता, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून बसला, म्हणून ते नाव, इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. तुमचं काम पन्नास मिनिटांचं असेल तर पन्नासचा लावा. कट्टर लोक रागावतील, रागावू देत. फक्त तंद्रीच्या नावाखाली दोन-दोन तास हलायचंच नाही असं नको, पाठ आणि डोळे नंतर वसूल करतात.

प्रश्न : हे सगळं करून मी काम चारला संपवतो. मग सर आणखी काम देतात, आणि जो सातपर्यंत रेंगाळतो तो मेहनती ठरतो. मग कशाला करू?

या महिन्यातला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न, आणि माझ्याकडे याचं गोड उत्तर नाही. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकानं 1955 मध्ये चेष्टेनं लिहिलं होतं की काम मिळालेल्या वेळेएवढं फुगतं, तुमच्या ऑफिसात तर फुगवणाऱ्याला शाबासकी आहे. अशा ठिकाणी चारला "झालं" म्हणून उभं राहणं म्हणजे स्वतःलाच दंड.

मी तुमच्या जागी असते तर ते वाचलेले तास आधी स्वतःच्या नावावर लावले असते. झालेलं काम सरांकडे सहालाच पाठवायचं, मधल्या वेळात दरवेळी हातानं करावी लागणारी ती शीट एकदाची बसवून टाकायची, नवीन सॉफ्टवेअर शिकायचं, पुढच्या आठवड्याचं जड काम थोडं कुरतडून ठेवायचं. याला कुणी लबाडी म्हणेल, म्हणू दे, काम ठरलेल्या दिवशी पूर्ण आणि नीट मिळतंय ना. सोबत दर शुक्रवारी सरांना चार ओळींचा मेल, या आठवड्यात काय काय संपलं, कारण रेंगाळणारा डोळ्यांना दिसतो, संपलेलं काम दिसत नाही. दोन-तीन महिने असं करूनही तिथे फक्त खुर्चीत बसलेले तासच मोजत असतील तर त्या चार ओळींचे मेल जपून ठेवा, बायोडाटा लिहायला घ्याल तेव्हा त्यातलं बरंच आयतं मिळेल.