बाँगची (पाण्यातून धूर ओढायच्या नळकांड्याची) वाटी भरली की ओढच लागत नाही, काय चुकतंय?

दाबून भरत असणार. आमचे आजोबा गुहागरला पडवीत बसून तंबाखूची चिलीम भरायचे, नियम तोच. आधी तळाला खडा. तो नसला तर चुरा थेट खाली ओढला जातो. बाँगमध्ये खड्याच्या जागी जाळी बसवतात. मग तळाचा थर अगदी सैल, बोटाने फक्त सारखा केलेला. वरचा किंचित दाबायचा, म्हणजे विस्तव टिकतो. भरलेली चिलीम पेटवण्याआधी ते नुसतीच ओढून बघायचे. हवा अडली की सगळं उपसून पुन्हा. पीठ करू नका, जाडसरच चुरा. आणि आपल्याकडे आषाढात तंबाखू ओलसर होते, ती कितीही नीट भरली तरी विझणारच.

बाँगमध्ये पाणी वाटीखालच्या नळीचं टोक जेमतेम बुडेल एवढंच, जास्त झालं तर तोंडात येतं. पाण्याने धूर गार होतो, कार्बन मोनॉक्साईड मात्र तसाच छातीत जातो.

हे तंबाखूचं सांगितलं. गांजा असेल तर १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने १ किलोपर्यंतच्या 'अल्प' मालालाही वर्षभरापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.