आधी पांढरा

पोरी,

काल रात्रीचा तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. वाशीहून ठाण्याच्या गाडीत लिहिलेला दिसतोय. तुर्भ्यापर्यंत चिडलेली आहेस, ऐरोली गेल्यावर रडवेली. तक्रार एवढीच, की पूल शिकवणाऱ्या सरांनी दीड तासात एकही रंगीत बॉल टेबलावर ठेवला नाही, नुसता पांढरा, क्यूने म्हणजे काठीने थेट मारायचा तो, वर-खाली मारायला लावला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात तुझा होता तो खेळही गेला. ऑफिसातली जी पोरं तुझ्यासमोर टिकत नव्हती, ती आता टेबलाचे पैसे तुझ्याकडून काढतायत.

एक सांग. लांबचे शॉट हुकतात ते सगळे एकाच बाजूला हुकतात ना? उजवीकडे?

न बघता कसं ओळखलं म्हणशील. दिवाळीत तुझा खेळ बघितलाय मी. तू पांढऱ्याला मधोमध मारतच नव्हतीस. टिप, म्हणजे क्यूचं टोक, केसभर उजवीकडे लागायची. टिप उजवीकडे लागली की पांढरा निघतानाच किंचित डावीकडे ढकलला जातो. हे तुझ्या डोळ्यांनी दोन वर्षांत टिपलं आणि तुला न विचारता नेम थोडा उजवीकडे धरायला लागले. दोन चुका, एकमेकींची उधारी फेडणाऱ्या. हिशेब जुळत होता म्हणून तुला वाटलं, आपल्याला खेळता येतं. सरांनी त्यातली एक चूक काढली. दुसरी जागच्या जागी आहे. आता तू सरळ मारतेस, पण नेम जुनाच धरतेस. म्हणजे तुझा खेळ बिघडला नाही, उघडा पडला. जुन्या मारण्याकडे परत गेलीस तर चार दिवसांत पुन्हा जिंकायला लागशील, आणि मी तुझ्याशी बोलणार नाही.

पॉट झाला, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये पडला, की शॉट बरोबर होता, हा भ्रम आधी टाक. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेचार इंच. दोन बॉल शेजारी शेजारी मावतील एवढं. एवढा उदार माणूस तुला चूक दाखवणार आहे का? पांढरा मात्र कसलीच भीड ठेवत नाही. नऊ फुटी टेबलावर तो हेड स्पॉटवर, म्हणजे आपल्या बाजूच्या खुणेवर, ठेवून समोरच्या कुशनवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, सरळ मारलास, तर 75 इंच जायला आणि तेवढेच यायला. साडेबारा फुटांच्या प्रवासानंतर तो तुझ्या क्यूच्या टिपवर येऊन टेकला, तर मध्यावर लागला. उजवीकडे भटकला तर टिप उजवीकडे लागली. तिथे ना पॉकेट आहे, ना नशीब, ना समोरच्या पोराची वाहवा. म्हणून सरांनी रंगीत बॉल काढलेच नाहीत. आधी पांढरा.

आता माझं ऐक. हे कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होतो, तुला माहीत आहेच. तिथे एका लेथचा टेलस्टॉक, म्हणजे जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग, सरकलेला होता. जॉब टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता, यायचा. ऑपरेटर काय करायचा, तर शेवटी पॉलिशपेपर मारून माप जुळवायचा. मी मापाचा डायल लावून त्याला सगळ्यांसमोर दाखवलं आणि म्हटलं, माप जुळवू नकोस, मशीन सरळ कर. मोठा रुबाब होता माझा. त्याच दिवशी संध्याकाळी नौपाड्यातल्या तळघरातल्या पूल पार्लरमध्ये जाऊन मी स्वतः पॉलिशपेपरच मारत होतो. माझं कोपर स्ट्रोकच्या शेवटी बाहेर जायचं. ते झाकायला मी मनगट वळवायचो.

आणि कुणी सांगितलं नाही असंही नाही. तिथला मार्कर होता. बॉल लावणारा, स्कोअर मांडणारा, चहा आणून देणारा. जुना बिलियर्ड्स खेळलेला माणूस. तो एकदा हळूच म्हणाला, ‘साहेब, कोपर बाहेर जातंय. आठवडाभर नुसता पांढरा मारा.’ मी हसलो. आम्ही तेव्हा विल्सन जोन्स आणि मायकेल फरेरांच्या गप्पा मारायचो. जोन्स पुण्याचे, 1958 साली जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकून आपल्या देशाचे कुठल्याही वैयक्तिक खेळातले पहिले जगज्जेते झाले, हे आम्हाला पाठ होतं. पण बिलियर्ड्समध्ये मुळात तीनच बॉल असतात आणि त्या माणसांनी जन्म घालवला तो पांढऱ्याला वळण लावण्यात, हे डोक्यात शिरलं नाही. आणि ते ज्याला कळत होतं तो मार्कर सुट्टे परत द्यायचा तेव्हा आम्ही त्याच्याकडे बघायचोही नाही. त्याचं नाव काय होतं, तेही मला माहीत नाही. सगळे मार्करच म्हणायचे.

मग पार्लर बंद झालं. मी एक-दोन स्पर्धा खेळलो, पहिल्याच फेरीत गेलो. घरी सांगितलं, शिफ्ट आहे, वेळ मिळत नाही. शिफ्ट खरोखरच होत्या, हे लक्षात घे. डबल शिफ्ट करून रात्री अकराला कोण सराव करेल? काकूला विचार. पण सरावाला आठवडाच लागणार होता. एकच.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मुलाने वाढदिवसाला पैसे दिले म्हणून, एका व्यावसायिक खेळाडूकडे तासभर गेलो. पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. त्याने माझा मोबाइल समोरच्या रेलवर उभा केला, सहा शॉट रेकॉर्ड केले आणि काही न बोलता मला दाखवले. कोपर. मार्कर म्हणाला होता तेच. त्या खेळाडूचे पैसे मोजले म्हणून ऐकलं, मार्करचं फुकट होतं म्हणून नाही ऐकलं. आता तू म्हणतेस, सरांना दिलेले पैसे पाण्यात गेले.

त्या खेळाडूने मला एक गोष्ट घरी करायला दिली, ती तुला देतो. जेवणाच्या टेबलावर कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली आडवी ठेव, तोंड तुझ्याकडे. हाताचा ब्रिज, म्हणजे क्यूला आधार देणारा पुढचा पंजा, तिच्यापासून वीतभर मागे. आता क्यू आत-बाहेर कर, बाटलीच्या तोंडाला न लागता. टिप 13 मिलिमीटरची, तोंड त्याहून थोडंसंच मोठं. पहिल्या दिवशी बाटली टकटक बोलेल. मागे नेल्यावर क्षणभर थांब, मग पुढे. घाई झाली की लगेच टकटक. क्यू नारळ फोडायला धरतो तसा आवळू नकोस, मागचा हात कोपरापासून खाली लोंबू दे. माझी बाटली गप्प व्हायला एकोणीस दिवस लागले. काकूला वाटलं, निवृत्तीआधीच डोकं फिरलं.

कार्बनच्या शाफ्टची, म्हणजे क्यूच्या पुढच्या दांड्याची, लिंक पाठवलीस ती उघडली नाही. त्याने पांढऱ्याचं सरकणं कमी होतं, खरं आहे. तुझं कोपर त्याने सुधारत नाही. रात्री झोपताना जंप शॉटचे व्हिडिओ बघणंही पुरे. आणि जुलैत टेबल जड चालतं म्हणून कुरकुरू नकोस, ठाण्याच्या पावसात कापड ओलं धरतंच. सगळ्यांचाच बॉल हळू जातो.

पुढच्या तासाला सर स्टॉप शॉट देतील. सरळ शॉट, पांढरा लागला की जागीच थांबायला हवा. मग तोच शॉट कोनात. सरकत जाऊन, न लोळता लागला तर पांढरा 90 अंशात सुटतो. वाचून सोपं वाटेल. पण टिप मध्याच्या उजवीकडे लागत असेल, तर पांढरा लागल्या जागी भोवऱ्यासारखा फिरत राहील आणि तुला वाटेल, थांबला की! म्हणून पुन्हा सांगतो, आधी पांढरा. कंटाळा आला? मलाही लिहून आलाय. तरी आधी पांढरा.

ऑफिसातल्या पोरांना महिनाभर हरू दे, म्हणजे तू हर. टेबलाचे पैसे मी देतो, हट्ट करू नकोस.

शनिवारी सकाळी अकराला स्टेशनजवळच्या पार्लरला ये. त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं आणि रेटही कमी असतो. फ्रेम, म्हणजे अख्खा डाव, खेळायची नाही. तू मारायचंस. मी पलीकडे उभा राहतो, प्रत्येक शॉटनंतर पांढरा उचलून परत स्पॉटवर लावून देईन, चहाही मीच आणीन.

तुझा
काका