विचारा बिनधास्त: आई म्हणते, तुझी गिटार ऐकूच येत नाही!

प्रश्न: दादा, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बँडमध्ये गिटारवाले आधीच दोघं होते म्हणून बेस, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, माझ्या गळ्यात पडला. आई म्हणते तू वाजवतोस ते ऐकूच येत नाही, मित्र म्हणतात चार तारा म्हणजे हाफ तिकीट. आणि खरं सांगू का, मोबाईलवर गाणं लावलं की मलाही बेस सापडत नाही. काय काय ऐकू? रॉकच हवं असं काही नाही.

उत्तर: आधी तो मोबाईल बाजूला ठेव. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण 41 हर्ट्झला वाजते, आणि मोबाईलचा एवढासा स्पीकर इतक्या खाली उतरतच नाही, तुला ऐकू येतात ते फक्त त्या स्वराचे वरचे पडसाद. त्यामुळे आईचं काही चुकलेलं नाही. बरे हेडफोन माग कुणाकडून तरी आणि मग बस ऐकत.

सुरुवात जेम्स जेमर्सनपासून कर. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत साठच्या दशकात जी गाणी झाली त्यातल्या बहुतेक हिट गाण्यांत बेस याचा, पण कव्हरवर वादकांची नावंच छापत नसत, 1971 साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बमवर कुठे त्याचं नाव आलं. हा माणूस उजव्या हाताच्या फक्त एका बोटाने, तर्जनीने वाजवायचा, मूळचा डबल बेसवाला ना (माणसाएवढं, व्हायोलिनसारखं उभं वाद्य), ती सवय तशीच राहिली. तारा जाड, गुळगुळीत, आणि तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, कारण त्याच्या मते मळानेच त्या आवाजाला मजा येते. (तू हे हॉस्टेलमधे कारण म्हणून वापरू नकोस.) त्या अल्बमचं टायटल साँग लाव आणि गाण्याकडे चक्क दुर्लक्ष करून फक्त खालचा आवाज धर. गायक ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्यात बेस दोन-तीन स्वर सरकवतो आणि गायक परत आला की गुपचूप आपल्या जागी. रेकॉर्डिंगच्या दिवशी जेमर्सन इतका प्यायलेला होता की जमिनीवर आडवा पडून वाजवलं असं सांगतात, खरं-खोटं देव जाणे, पण ऐकून तरी पट्ठ्या झोपलेला वाटत नाही.

मग फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं अमेरिकन संगीत. लॅरी ग्रॅहम आईबरोबर क्लबमध्ये वाजवायचा, ड्रमर नव्हता, म्हणून यानेच अंगठा तारेवर आपटून बेस ड्रमची जागा भरली आणि बोटाने तार ओढून सोडून स्नेअरची, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची. म्हणजे तबला-डग्गा दोन्ही एकाच हातात! आज ज्याला स्लॅप म्हणतात ते हे. स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं 1969 चं 'थँक यू' ऐक, कळेल.

रेगेत, म्हणजे जमैकाच्या संगीतात, उलटं. तिथे ड्रमर बऱ्याचदा पहिली मात्राच सोडून देतो, आपल्याकडे समेवर सगळे तुटून पडतात आणि तिथे सम रिकामी, आणि त्या रिकामपणात बेसच गाण्याची चाल होऊन बसतो. बॉब मार्लीच्या बँडमधला ॲस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेट यातला उस्ताद. 'स्टर इट अप' मध्ये त्याने कुठे वाजवलं यापेक्षा कुठे नाही वाजवलं ते मोज.

जॅको पॅस्टोरियस मुद्दाम मागे ठेवला, नाहीतर तू घाबरून बेस विकशील. याने आपल्या बेसचे फ्रेट्सच (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढून टाकले, खाचा बुजवल्या आणि वरून बोटींना लावतात तसला इपॉक्सीचा थर दिला, मग स्वर सतारीच्या मींडसारखा घसरायला लागला. 1976 च्या त्याच्या पहिल्या अल्बमची सुरुवातच 'डॉना ली' ने होते, सॅक्सोफोनवाल्यांना घाम फोडणारी जॅझची धून आणि ती हा बेसवर वाजवतो, सोबतीला फक्त काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उभे ड्रम.

आणि माझं सगळ्यात लाडकं, लू रीडचं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड', 1972. हर्बी फ्लॉवर्सने आधी डबल बेस वाजवला, मग त्याच्यावर इलेक्ट्रिक बेसने वरचे स्वर भरले, ते दोन्ही एकत्र घसरत जातात ना, तिथेच गाणं जिंकलं. दोन वाद्यं वाजवली की पैसे दुप्पट मिळायचे म्हणून हे सुचलं असं तो स्वतःच हसत सांगायचा.

मेटल आवडत असेल तर मेटॅलिकाच्या 1983 च्या पहिल्या अल्बममधला क्लिफ बर्टनचा सोलो, तो बेस आहे हे आईला सांगूनही पटणार नाही. आपल्याकडचं म्हणशील तर आर. डी. बर्मनच्या वादकांत टोनी वाझ बेसवर असायचे, आणि आताची मुंबईची मोहिनी डे, तिचे वडीलही बेसवादक, ही रहमानबरोबर वाजवते तेव्हा बोटं दिसत नाहीत.

पण वाजवायला आत्ता घे ते 'शिक' (Chic) नावाच्या बँडचं 1979 चं 'गुड टाइम्स'. बर्नार्ड एडवर्ड्सची ती लाइन सोपी वाटते, ड्रमरबरोबर सलग पाच मिनिटं न ढळता वाजवून दाखव मग बोलू.

प्रश्न: 'सेव्हन नेशन आर्मी' ची सुरुवात म्हणजे बेसचा राजा असं मी म्हणालो, तर मुलगा म्हणतो त्यात बेसच नाही. बटाटेवड्याची पैज लागलीय. (एक वाचक, पुणे)

उत्तर: काका, वडे तुमच्याकडून. 2003 चं गाणं, ते वाजवणाऱ्या 'द व्हाइट स्ट्राइप्स' बँडमध्ये माणसंच दोन, एक गिटार एक ड्रम्स, बेसवाला नाहीच. त्यातल्या गिटारवाल्या जॅक व्हाइटने साध्या गिटारचाच आवाज पेडल लावून एक सप्तक खाली आणलाय. फसण्यासारखंच आहे ते, त्यामुळे चटणी मुलाकडून मागा.