पटावरचे प्रश्न : हत्ती चौथ्या ओळीत कशाला?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची, रेटिंग १५४०. कुडाळच्या बुद्धिबळ स्पर्धेत तिनं १८४० च्या खेळाडूला हरवलं. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि हिचं एक प्यादं उरलं होतं. तिचा राजा प्याद्यापुढे अडकलेला असताना तिनं मध्येच हत्ती चौथ्या ओळीत आणला. तो कशासाठी? आणि रेटिंग किती वाढेल?
— एक पालक, देवगड

उत्तर : मुलीचं मनापासून अभिनंदन. तीन-चार तास खेळून झाल्यावर ही चाल सुचणं सोपं नाही.

पट मांडूनच बघा (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी ओळ). पांढरा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१. काळा राजा जी७, हत्ती सी२. लगेच राजा ई७ वर काढला तर काळा हत्ती ई२, डी२ असे मागून शह देत राहतो आणि राजाला आडोसाच मिळत नाही. म्हणून आधी हत्ती एफ४. समजा काळा हत्ती सी१ वर गेला. आता राजा ई७. ई१ वरून शह, राजा डी६. डी१ वरून शह, राजा ई६. पुन्हा ई१, राजा डी५. पुन्हा डी१, आणि आता हत्ती डी४ वर आडवा घालायचा. शह संपले, प्याद्याचा वजीर होतोच. यालाच पूल बांधणं म्हणतात. स्थितीचं नाव ल्युसेना. कडेच्या, म्हणजे ए किंवा एच प्याद्याला मात्र हा उपाय लागू पडत नाही, राजा कोपऱ्यातच कोंडतो.

डाव हातचा जातो तो बहुधा याच्या आधी. काळा राजा प्याद्यासमोर आणि काळा हत्ती सहाव्या ओळीत असताना घाईनं प्यादं सहाव्या ओळीत ढकललं, की तो हत्ती पहिल्या ओळीत उतरून मागून शह देतो आणि बरोबरी काढतो.

रेटिंगचं गणित : ३०० गुणांच्या फरकाला कमी रेटिंगवाल्याकडून ०.१५ गुणाची अपेक्षा. ती जिंकली, एक गुण मिळाला, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.८५ जास्त. १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूला ‘के’ (या फरकाला गुणायचा आकडा) ४०, म्हणून फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, क्लासिकल (संथ डावांच्या) रेटिंगमध्ये या एका डावाचे ३४. बरोबरी झाली असती तर १४. हरली असती तर फक्त ६ गेले असते.

प्रश्न : वरच्या रेटिंगवाल्याशी खेळताना मोहरी भराभर मारामारी करून संपवावीत का?
— एक खेळाडू, गुहागर

उत्तर : नाही. अनुभवी खेळाडूला साधा शेवट हवाच असतो. तिथेच तो तुम्हाला दमवतो. आपली स्थिती सुधारत असेल तरच अदलाबदल करा, आणि घड्याळात वेळ राखा. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं वरच्या रेटिंगच्या कोनेरू हंपीशी दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सोडवले आणि जलद डावांत, तेही काळ्या मोहऱ्यांनी, बाजी मारली.